दोन पाळ्यांच्या मधली बाई

“पण या ठमाबाई आहेत तरी कुठल्या पाळीच्या?”

सत्काराची शाल हातात धरून मॅनेजर आमोदने तिसऱ्यांदा विचारलं. महाडच्या त्या खाजगी हॉस्पिटलातला तक्रारींचा ढीग सहा महिन्यांत कमी झाला होता. पेशंटच्या अभिप्रायांत एकच नाव होतं, ठमाबाई. मोठ्या डॉक्टरांचं नाव दोनदाच, त्यात एकदा फॅनच्या तक्रारीत.

“दुपारच्या असतील,” सकाळच्या सिस्टर म्हणाल्या.

“छे, तुमच्याच ना?” दुपारच्या म्हणाल्या.

हजेरीपटावर ती कुठेच नव्हती. सगळ्यांचे चेहरे उतरले.

ठमाबाई निळा एप्रन घालून दारातच उभी होती.

“मावशी, हा एप्रन कुणी दिला?” मुख्य सिस्टर वैदेहीने विचारलं.

“बाजारातून आनला. माजाच हाय.”

“आणि वॉर्डात काय करता?”

“काय नाय गो. सकालच्या बायका जातात, दुपारच्या येतात. मदी सांगायचं राहतं, ते सांगते.”

खरंच होतं. पाच नंबरच्या खाटेवरच्या आजी लघवीचं भांडं मागायला लाजतात म्हणून पाणीच पीत नाहीत, हे फाइलीत नव्हतं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन पाळ्या तिच्याभोवती थांबून बोलू लागल्या होत्या. कमी झालेल्या तक्रारींचं श्रेय मात्र दोन्ही पाळ्या आपापल्या नावावर लावत होत्या.

“पण रोज वरंध गावाहून एसटीने येऊन? कशासाठी?” वैदेहीने विचारलं.

“वर्स झालं. माजा घरवाला, पांडूचा बापूस, सात नंबरला व्हता. मी खाली बाकावर बसलेय, ह्ये सकालच्या बाईला ठावं व्हतं. दुपारच्या बाईला कुनी सांगलंच नाय. तो हाका मारीत गेला. तिला वाटलं, याचं कुनी नाय.”

त्या दुपारी ड्यूटीवर वैदेहीच होती.

आमोद चाचरला, “मावशी, नियमाने बाहेरच्या माणसाला वॉर्डात…”

“बरोबर हाय, सायेब.” तिने एप्रन सोडला, घडी करून शालीवर ठेवला. घड्याळात दोन वाजत होते. दारातून ती वळली. “चार नंबरला डाव्या कानानं ऐकू येत नाय. उजवीकडनं बोला.”

दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर लिहून घेऊ लागल्या.

“आणि आता सात नंबरला आहे त्याचं?” वैदेहीने विचारलं.

“त्याची बायको खाली बाकावर बसलीय. हिरवं लुगडं.”

वैदेहीने ते लिहून घेतलं नाही. ती जिना उतरू लागली.