रुपेरी मुळं

दारात चप्पल घालता घालता नणंद म्हणाली होती, "वहिनी, आईच्या कुंड्यांना वास येतोय. तिच्या हातून ऑर्किड कुजतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय. लक्ष ठेव."

मी मान हलवली आणि दार लावून घेतलं. नणंद म्हटली की खुसपट काढणारच, असा माझा समज. शिवाय माझी तान्ही ढमी कडेवर किंचाळत होती आणि रजा संपत आली होती. कुंड्यांचे वास घेत बसायला सवड कुणाला होती?

सासूबाईंची ऑर्किडं बंद गॅलरीत, काचेच्या आत टांगलेली. त्यांना माती चालत नाही. झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, वर चिमूटभर शेवाळ, बस्स. मुळांना हवा लागली पाहिजे. कुंड्या पारदर्शक, कारण पाणी घालायचं ते मुळांचा रंग बघून. मुळं हिरवी असली की पोट भरलंय. रुपेरी झाली की तहान लागलीय. मग कुंडी बादलीत बुडवायची, पार निथळू द्यायची आणि तेव्हाच परत टांगायची. "वार बघून पाणी घालणारा माळी आणि घड्याळ बघून पाजणारी आई, दोघांनाही एकाच खोलीत कोंडावं," असं त्या म्हणायच्या. त्यातला माळी कुणी नव्हता. घड्याळवाली आई मात्र समोरच बसलेली असायची.

मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. चुका शोधायचाच पगार घेते. पण कामावर रुजू झाल्यापासून माझं निम्मं चित्त घरी असायचं. ढमी दिवसभर सासूबाईंपाशी. मी फोन करायची, त्या म्हणायच्या, "आहे गं तुझी लेक, पळून नाही गेली."

मग लस टोचली आणि ढमीला ताप आला. डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलं, ड्रॉपरवरच्या निळ्या रेघेपर्यंत. सकाळचं मी दिलं, दुपारचं आईंनी द्यायचं ठरलं. ऑफिसात एकच ओळ तीनतीनदा वाचून झाली तरी डोक्यात शिरेना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी सरळ घर गाठलं.

ढमी पाळण्यात झोपली होती. सासूबाई गॅलरीत जांभळ्या ऑर्किडची कुंडी बादलीत बुडवत होत्या.

"आई, ही परवाच बुडवली होतीत ना?"

"मग? सुकली परत. मुळं बघ की, चांदीसारखी झालीत."

मी बघितलं. मुळं हिरवीगार होती. तळाची तर तपकिरी होऊन लिबलिबीत झाली होती, आणि वास येत होता. नणंदेचं बोलणं आठवलं. या विसरायला लागल्यात. पाणी घातलेलं विसरतात, तर मग...

"ढमीला औषध दिलंत?"

"दिलं."

"एकदाच?"

"नाही, वाटीनं पाजलं!" त्या भडकल्या. "दोन पोरं वाढवलीत मी. त्यातला एक तुझ्याच पदरात टाकलाय."

एरवी मी हसले असते. "कसं दिलंत ते दाखवता का मला? पाण्यानं दाखवा."

"परीक्षा घेतेस?" असं पुटपुटत त्यांनी ड्रॉपर घेतला, वाटीतलं पाणी ओढलं आणि खिडकीकडे तोंड करून उजेडात धरला. मान तिरकी केली. मग अंगठ्यानं ड्रॉपरची काच वरपासून खालपर्यंत चाचपली. रेघ छापलेली होती, ती बोटाला कशी लागणार?

"इथवर," त्या म्हणाल्या. ड्रॉपर गळ्यापर्यंत भरलेला होता. रेघ त्याच्या मध्यावर.

"आई, रेघ कुठंय?"

त्यांनी ड्रॉपर वाटीत ठेवला. मग खूप हळू म्हणाल्या, "सगळं पांढुरकं दिसतं गं. धुक्यात उभं राहिल्यासारखं. मुळं तर रोज रुपेरीच दिसतात. मला वाटायचं, तहानलीत बिचारी."

त्या विसरत नव्हत्या. त्यांना दिसत नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पुढचा डोस देऊ नका, बाटली घ्या आणि ताबडतोब या. ढमीला उचललं तशी ती जागी झाली आणि रडली. तिचं रडणं इतकं गोड मला कधीच वाटलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, बाटली बघितली, बराच वेळ तिथंच बसवून ठेवलं. "जास्तीचं गेलं ते एकदाच, म्हणून निभावलं," ते म्हणाले. "रोज असं गेलं असतं तर महागात पडलं असतं."

सासूबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "आता पोरीला पाळणाघरात टाकशील," त्या म्हणाल्या. "म्हणून बोलले नाही मी."

राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी पोरगी हातची जाईल या भीतीनं तोंड मिटलं होतं, आणि त्या भीतीशी माझीही रोजची ओळख होती. "टाकणार नाही," मी म्हटलं. "पण डोळे बरे होईपर्यंत तिला औषध तुम्ही द्यायचं नाही. एक थेंबही नाही. आणि उद्याच डोळे दाखवायचे."

त्यांनी मान डोलावली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्हीकडे मोतीबिंदू सांगितला. नवरा वैतागला, "आई, कधीपासून दिसत नाही तुला?"

"तुझं लग्न ठरलं तेव्हाच दिसत नव्हतं बहुतेक," त्या म्हणाल्या. मीसुद्धा हसले. बऱ्याच दिवसांनी.

ऑपरेशन अजून व्हायचंय. तोवर शेजारच्या काकू दुपारी येऊन बसतात, आणि मी तरीही फोन करतेच. रविवारी आम्ही दोघींनी जांभळं ऑर्किड कुंडीतून काढलं. कात्री माझ्या हातात, मुळं त्यांच्या. त्या एकेक मूळ चिमटीत दाबून बघत होत्या. "हे कडक आहे, ठेव. हे पिचपिचलं, काप." बोटं एकदाही चुकली नाहीत. नवीन कोरडी साल भरून झाली तेव्हा चारच मुळं उरली होती. जगेल की नाही, त्यांनाही सांगता येत नाही.

हे वाचत असाल तर एक करा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "नीट दिसतं ना?" असं विचारू नका. दिसतं, असंच म्हणतील. त्यांच्या हातात औषधाची बाटली द्या आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवायला सांगा. एकटे राहत असतील तर उठून तिकडे जा. घरात तान्हं मूल नसलं तरी जा, कारण स्वतःची औषधं तर ती माणसं रोज घेतातच.