एमील थेरियोचा पसंतीक्रम

"आकडा टाकलास का?" कॅल्विनने दात घासता घासता विचारलं.

"टाकतो."

"टाकतो काय? चारला बंद होतंय. मागच्या खेपेला वरच्या मजल्यावरचा तो शहाणा झोपून राहिला, आणि मग चार महिने मामाच्या दुकानात बटाटे सोलत बसला."

एमील पलंगाच्या कडेवर बसून होता. मुलाखतीचा शर्ट कालपासून अंगातच होता. उठून तो बदलावा असं त्याच्या तीनदा मनात आलं होतं, आणि तीनदा ते तिथेच राहिलं होतं.

आमच्या विद्यापीठात चार महिने शिकायचं आणि चार महिने कुठल्यातरी कंपनीत काम करायचं अशी रीत आहे. गावातल्या भाड्याच्या खोल्यासुद्धा त्याच तालावर भरतात आणि रिकाम्या होतात. कंपन्या मुलांना मुलाखतीला बोलावतात, मग आवडीप्रमाणे त्यांना आकडे देतात. मुलंही कंपन्यांना आकडे देतात. कोणी कोणाला काय दिलं ते प्लेसमेंट कार्यालयाखेरीज कोणालाच दिसत नाही. सोमवारी सकाळी यंत्र दोन्हीकडच्या पसंतीचा मेळ घालतं आणि ज्याची त्याची गाठ बांधून मोकळं होतं. जिथे पाऊल टाकायचंच नाही अशा कंपनीपुढे आकड्याऐवजी 'नको' अशी खूण करायची सोय असते. एकदा नको म्हटलं की कंपनीने पायघड्या घातल्या तरी उपयोग नाही. ही सोय कॅल्विनसारख्या मुलांसाठी आहे. त्याच्यापुढे सहा कंपन्या होत्या आणि त्यांतल्या दोन त्याला नाकं मुरडण्यापुरत्या हव्या होत्या.

एमीलपुढे एकच होती. गेल्या खेपेला एकही नव्हती. लागोपाठ दोन खेपा रिकाम्या गेल्या की नाव प्लेसमेंटमधून कटतं. पदवी मिळते, पण नुसती. आणि तिकडे उत्तरेला, कापुसकासिंग गावच्या कागद गिरणीत, एमीलचे बाबा भेटेल त्याला सांगत होते की पोरगा शिकता शिकताच साहेब होतोय.

कंपनी पाण्याचे मीटर बनवणारी होती. मुलाखत घेणाऱ्या ओस्टरबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. "मीटर चुकीचं दाखवतोय हे कसं ओळखशील?" त्यांनी विचारलं. उत्तर एमीलच्या पुस्तकात होतं, सूत्रासकट होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "आधी शेजारच्या घरचा मीटर बघेन." बाई थांबल्या, त्याच्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं. हसल्या नाहीत. संपलं, एमील मनाशी म्हणाला. त्याला वाईटही वाटलं नाही. जानेवारीपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण घशाखाली उतरायचं, वर्गात फळ्यावरचं वहीत उतरायचं, कोणी विनोद केला की ओठ हलायचे. रडू आलं असतं तर निदान मोकळं वाटलं असतं. तेही येत नव्हतं.

कॅल्विन अंघोळीला गेला. एमीलने संगणक उघडला, त्या एकुलत्या नावाकडे बघितलं आणि त्यापुढे 'नको' अशी खूण केली. त्यांनी नको म्हणायच्या आत आपणच म्हटलेलं बरं. विचार म्हणावा तर एवढाच होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. एमीलने ताक ओतूनच दिलं.

सोमवारी कॅल्विनला व्हँकूवरचं काम लागलं. त्याने ओरडण्यासाठी तोंड उघडलं, एमीलकडे बघितलं आणि मिटलं.

"तुझं?"

"नाही जुळलं."

"गाढव आहेत लेका कंपन्या."

"हो ना," एमील म्हणाला आणि त्याच्याशी हात मिळवला. अभिनंदन करायची रीत त्याला ठाऊक होती.

दुपारी प्लेसमेंट कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या हीबर्टबाई उंच, सुकलेल्या चेहऱ्याच्या, उगीच गोड न बोलणाऱ्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"ओस्टरबाईंचा फोन आला होता सकाळी. त्यांनी तुला पहिला नंबर दिला होता."

एमीलने बाही मनगटापर्यंत ओढली.

"विचारत होत्या, आमचं काही चुकलं का? मुलगा आमच्याकडे येत नाही असं म्हणाला का?"

"त्यांचं काही चुकलं नाही."

"शेजारचा मीटर बघेन म्हणालास म्हणे. सगळ्यांनी सूत्रं म्हणून दाखवली, एकाने तरी घराबाहेर डोकावून बघितलं, असं म्हणाल्या."

"मला वाटलं, मनातल्या मनात हसताहेत."

"म्हणून नको म्हटलंस?"

"त्यांनी म्हणायच्या आधी."

हीबर्टबाईंनी डोळे चोळले. "दर हिवाळ्यात एक तरी असा येतो," त्या म्हणाल्या. "मला वाटतं आता नाही येणार, आणि येतोच."

"ती जागा?"

"दुसऱ्या मुलाला गेली. आणि तुझं नाव कटेल. ते माझ्या हातात नाही."

"बरं."

"बरं काय, एमील? भांड तरी माझ्याशी."

भांडायला हवं होतं हे एमीलला पटत होतं. त्यासाठी लागणारं जे काही असतं ते आत शोधूनही सापडेना.

"झोप लागते?"

"लागते. उठवत नाही."

"घरी कोणाशी बोलतोस?"

"आईशी. रविवारी."

"काय बोलता?"

"हवेबद्दल."

हीबर्टबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "जीव द्यावासा वाटतो का? हे मला विचारावं लागतं, पण मी लागतं म्हणून विचारत नाहीये."

एमीलने खरंच विचार केला. इतक्या दिवसांत ज्यावर विचार करावा असं काही कोणी विचारलं नव्हतं. "तसं नाही," तो म्हणाला. "मी नसलो तरी चालेल असं वाटतं. हे वेगळं आहे ना?"

"वेगळं आहे. पण फार लांबचं नाही." त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. "चल."

विद्यापीठाचा दवाखाना समोरच होता. तिथली मुलगी म्हणाली, समुपदेशकाची वेळ पुढच्या महिन्यात मिळेल. हीबर्टबाई म्हणाल्या, आम्ही इथेच बसतो. मुलीने एकदा त्यांच्याकडे, एकदा एमीलकडे बघितलं आणि आत जाऊन आली. मग म्हणाली, थोडं थांबा, बघतील.

"तोवर घरी फोन कर," हीबर्टबाई म्हणाल्या. "मी आहे."

एमील खिडकीपाशी गेला आणि त्याने घरी फोन लावला.

"आज सोमवार ना?" आई म्हणाली. "काय झालं?"

"मला घेत होते, आई."

"अहो, घेतलं त्याला!" आईने मागे हाक दिली. बाबांची पाळी रात्रीची होती, ते घरीच होते. त्यांचा आवाज आला, "मी म्हणत नव्हतो?" आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

तिथेच थांबता आलं असतं. संध्याकाळपर्यंत गिरणीभर झालं असतं, आणि पुढचे चार महिने काहीतरी रचून काढता आले असते. अशी मुलं आमच्या गावाने बघितली आहेत. घरी सांगतात टोरांटो, आणि राहतात इथेच, दुसऱ्या गल्लीत, पडदे लावून.

"नाही आई," एमील म्हणाला. "घेत होते. मीच नको म्हटलं. आता ते गेलं, प्लेसमेंटही गेली. आणि मला बरं नाहीये."

फोन हातातून हातात गेल्यासारखा झाला. बाबा फोनवर कधी येत नसत.

"ताप आहे?" बाबांनी विचारलं.

"ताप नाही."

"मग काय होतंय?"

"काहीच होत नाही बाबा. कशाचं काही वाटत नाही."

गिरणीतलं कुठलंही यंत्र आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला इथे काय बिघडलंय ते कळत नव्हतं.

"येऊ का मी?"

"एवढ्या लांब? बर्फ पडतंय. रस्ते बंद असतील."

"रस्त्याचं मी बघीन. तुला विचारतोय. येऊ का?"

नकार एमीलच्या जिभेवर तयारच होता. उगाच त्रास, पाळी बुडेल, येऊन करणार काय. त्याने खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवलं. काच गार होती, एवढं मात्र त्याला जाणवलं.

"या," तो म्हणाला.

बाबांनी फोन ठेवला नाही, तसाच टेबलावर टाकून ते उठले असावेत. लांबून आईचा आवाज येत होता, जाड मोजे घाला, ते नव्हेत, जाड. दार उघडल्याचा आवाज आला, मग पुन्हा बंद झाल्याचा. गाडीची किल्ली विसरली होती बहुतेक, कारण बाबा परत आले आणि काहीतरी पुटपुटले. आतून समुपदेशकांनी एमीलचं नाव पुकारलं. हीबर्टबाई उभ्या राहिल्या. एमीलने त्यांना हाताने एक मिनिट असं सांगितलं आणि फोन कानाशी धरून ठेवला.