पुढल्या इतवारी

मुनव्वरचाचांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे बाळापूरचा बेत तिसऱ्यांदा लिहून काढला. सकाळी सातची एसटी, साडेनऊपर्यंत अकोला, तिथून दुसऱ्या गाडीनं बाळापूर, मग किल्ल्याच्या बाजूनं पायी नदीकाठच्या छत्रीपर्यंत, त्या जुन्या खांबांच्या मंडपापर्यंत. निम्म्या अमरावतीची घड्याळं या माणसानं चाळीस वर्षं दुरुस्त केली, आणि बायकोला तिच्या माहेरच्या नदीवर न्यायला त्याला एक रविवार मिळाला नाही! हलीमाबीचं मागणं तरी केवढं? माहेरचं घर कधीच विकलं गेलं होतं, तिथं तिला जायचंच नव्हतं. त्या दगडी छत्रीत दोघांनी बसायचं, पाणी बघायचं, डबा खायचा आणि परत यायचं. ती विचारायची, आणि चाचा डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता म्हणायचे, "पुढल्या इतवारी."

रमजानच्या आधी ती गेली. तेव्हापासून चाचांना घास गोड लागत नव्हता. आता निदान एकदा तिथं जाऊन बसावं, 'आलो बघ' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. बेतात एकच उणीव होती. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की हलीमाबी त्याच्या दंडाला इमाम जामीन बांधायची, हिरव्या कापडात एक नाणं; सुखरूप पोचलं की ते सोडून गरिबाला द्यायचं. नव्या सुनेला, निखतला, हे ठाऊक नव्हतं, आणि सांगायची चाचांना लाज वाटत होती.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर त्यांनी बाळापूरला मेहुण्याला, सरफराजला, फोन लावला.

"इतवारी येऊन राहिलो."

"या ना, दुल्हेभाई. पन मागल्या इतवारीच त आलते तुमी."

"मी? मी त घरीच होतो."

"छत्रीत बसले होते दुपारभर. मी चहा घेऊन आलो, त दोन कप आन म्हनले. आनला मी. मले बी रडू आलं."

चाचांनी फोन छातीशी धरला आणि कणीक मळणाऱ्या निखतला विचारलं.

"मागल्या इतवारी? सकाळीच निघालते ना अब्बा तुमी, अंधार पडल्यावर, मगरिबनंतर आले. मले वाटलं, कब्रस्तानात गेले असान."

त्यांना काही म्हणता काही आठवेना. जिच्यासाठी हलीमाबी जन्मभर थांबली ती दुपार होऊन गेली, आणि त्यांच्याजवळ तिचा क्षणसुद्धा उरला नव्हता. त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"निघताना मी काही बोललो का रे?"

"बोलले ना. मी म्हनलं, चला, गाडी निघून जाईन. त तुमी म्हनले, हलीमा उठूनच नाही राहिली. पुढल्या इतवारी घरी येईन म्हनते."

असरच्या नमाजची वेळ झाली. वजूसाठी नळापाशी बसून चाचांनी उजवी बाही सारली, ती कोपराच्या वर गेली. दंडावर हिरवं कापड होतं. सकाळी आंघोळीच्या वेळी ते तिथं नव्हतं. गाठ मागच्या बाजूला, दोन हातांशिवाय बसायची नाही अशी घट्ट.

चाचा बराच वेळ रडले. मग त्यांनी बाही कोपरापर्यंत खाली घेतली, आणि गाठ भिजणार नाही अशा बेतानं हात धुवायला सुरुवात केली.