डाव्या हाताच्या बिड्या

प्रयागबाईनं एका बिडी कारखान्यासाठी बारा वर्षं बिड्या वळल्या. ती डावखुरी, म्हणून तिच्या बिडीचं पान इतरांपेक्षा उलट्या बाजूनं गुंडाळलं जाई. मुनीम रोज तिच्या मूठभर बिड्या "उलट्या" म्हणून छाटी, त्यांची मजुरी कापी आणि त्या टोपल्यात फेकी. तिनं कामगाराचं कार्ड मागितलं, तेव्हा त्यानं तिलाच छाटून टाकलं. मग प्रयागबाईनं मालकावर केस ठोकली.

आज नागपूरच्या कामगार न्यायालयात तोच मुनीम शपथ घेऊन म्हणाला, "या बाईले मी ओळखतच नाही, साहेब."

"तुमच्याकडे कोणी डावखुरी बाई होती?" प्रयागबाईच्या वकिलांनी विचारलं.

"कधीच नाही."

प्रयागबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वकील "बसा बाई, बसा" म्हणत असतानाच ती उठली. कामावरून काढलं त्या आठवड्यात पानठेल्यावरून घेतलेलं बिडीबंडल तिनं पिशवीतून काढलं आणि थेट न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं. वर मालकाचं लेबल होतं. आतल्या निम्म्या बिड्या उलट्या वळलेल्या होत्या.

न्यायाधीशांनी दोन बिड्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या आणि मुनिमाकडे नजर वळवली. "या कुठून आल्या?"

मुनीम घाईघाईनं बोलून गेला. "साहेब, या आमच्या मालात चुकून गेल्या असतील. अशा बिड्या तर मी रोज छाटत होतो!"

"कोणाच्या गा?" प्रयागबाई कडाडली. "आता नाव घेऊन सांग!"