खालचा छापा

आसगावचा श्रावण एकतीस वर्षं राईस मिलच्या दारात उभा राहिला आणि त्या एकतीस वर्षांत त्याने एकाही पोत्याच्या तोंडचे दाणे खरे मानले नाहीत. हातात परखी असायची, पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची टोकदार लोखंडी नळी. ती तो नेमकी बुडाशी घालायचा. वर टपोरं धान आणि खाली पोचट, हे त्याने इतक्यांदा पकडलं होतं की पुढे पुढे त्याला सगळं जगच पोत्यात भरलेलं दिसू लागलं. मिलची नोकरी संपली, परखी मालकाकडे जमा झाली, पण श्रावणचं खुपसणं काही थांबलं नाही. भाजीवालीच्या टोपलीतून तो तळातली वांगी उपसायचा. मुलीला पाहायला आलेल्या दोन स्थळांना त्याने असे काही प्रश्न विचारले की ती मंडळी चहा अर्धा टाकून उठली.

त्याच मुलीने, टीनाने, आता भंडाऱ्यात एका नव्या खासगी दवाखान्याच्या आवारात पार्किंगचे पट्टे मारायचं काम धरलं होतं. तिचं हे पहिलंच काम. सोमवारी सकाळी दवाखान्याचे मॅनेजर नमुन्याची एक रांग पाहणार होते. बाणाच्या आणि व्हीलचेअरच्या चित्राच्या कडा साफ असल्या तर पूर्ण आवार तिचं, नाहीतर नागपूरची पार्टी तयारच बसली होती. हे काम जाणणारा तिच्याकडे एकच माणूस होता, आंबागडचा योगेंद्र. त्याने जवाहरनगरच्या वसाहतीत दोन वर्षं रस्त्यावर पट्टे मारले होते. टीना त्याच्या भरवशावर होती. श्रावण कोणाच्याच भरवशावर नव्हता, म्हणून गुरुवारी छापे घ्यायला दोघं निघाले तेव्हा तोही न बोलावता गाडीवर बसला.

छापा म्हणजे चित्राच्या आकारात कापलेला प्लास्टिकचा जाड पत्रा. तो जमिनीवर ठेवायचा, वरून रोलर फिरवायचा, उचलला की खाली चित्र उमटलेलं. भंडाऱ्यातल्या भय्याजीच्या दुकानात ताडपत्र्या, दोर आणि रंगाच्या डब्यांच्या मधोमध अशा छाप्यांच्या दोन थप्प्या होत्या.

"ये बा योगेंद्र," भय्याजी म्हणाला.

श्रावणचे कान टवकारले. नावानं ओळखतो! म्हणजे कमिशन ठरलेलं.

योगेंद्रने व्हीलचेअरच्या थप्पीतला वरचा छापा उचलला, दोन्ही हातांनी वाकवून सोडला. पत्रा लगेच सरळ झाला. त्याने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला. "हा घेऊ काकाजी. कोरं प्लास्टिक आहे, भंगार वितळवलेलं नाही, उन्हात उठत नाही."

"वरचा चांगलाच आहे जी," भय्याजीनेही दुजोरा दिला.

दोघं एका सुरात बोलले आणि तिथेच श्रावणची खात्री पटली.

"वरचा तर दुकानदार चांगलाच सांगते," तो म्हणाला. "मले शिकवून राहिले काय? खालचा काढा."

"खालचा घ्याचाच असन तर वाकवून तरी पाहा, काकाजी."

"तू हात नको लावू. तुह्या हातानं मोडला म्हणजे वरचाच घ्या लागन."

"बाबा, जाऊ द्या ना," टीना हळू आवाजात म्हणाली. "त्याले समजते."

"त्याले समजते, म्हणूनच म्हणतो."

श्रावणने थप्पीत हात घालून तळातला छापा स्वतः ओढून काढला. दिसायला हुबेहूब वरच्यासारखा, उलट वरच्यापेक्षा सपाट, आणि धुळीचा कण नाही. लपवून ठेवलेला माल असाच असणार! बाणाचा छापाही त्याने तळातलाच घेतला. भय्याजीने एका शब्दानेही अडवलं नाही. एरवी ही गोष्ट श्रावणला खटकली असती, पण त्या घडीला तो स्वतःच्या हुशारीवर फार खूश होता.

शुक्रवारी सकाळी आठला पहिला बाण झकास उमटला. "पाह्यलं?" असं श्रावणने तीनदा विचारलं. साडेदहाला डांबर तापलं आणि छाप्याच्या कडा तव्यावरच्या पापडासारख्या वर उचलू लागल्या. योगेंद्रने विटा ठेवून पाहिल्या, पण मधला भाग फुगला. रंग खाली शिरला. व्हीलचेअरच्या चाकाला मिशा फुटल्या, त्यावर बसलेल्या माणसाचं डोकं पसरून पार भोपळा झालं.

श्रावणने छाप्याकडे पाहिलंच नाही. छापा त्याने स्वतः निवडलेला होता, त्यात खोट असेलच कशी? तो थेट रंगाच्या डब्याशी गेला, काडी बुडवून वर धरली आणि रंगाची धार पाहिली.

"थिनर किती वतलं यात?"

"जेवढं लागते तेवढंच, काकाजी."

"मंग पसरते काहून? रंग घरी नेतं काय? दुकानात बी तुमचं जमलंच होतं. मी काय पाह्यलं नाही?"

योगेंद्रने रोलर खाली ठेवला, फडक्याने एकेक बोट पुसलं. "टीनाताई, माफ करा. चोर म्हणून घेऊन मले काम नाही जमत." त्याने गाडी सुरू केली आणि तो फाटकाबाहेर गेला.

टीना बिघडलेल्या चित्रावर काळा रंग फासत राहिली. "बाबा, दोन स्थळं गेली तवा मी काही बोलली नाही," मान वर न करता ती म्हणाली. "हे काम गेलं तर बोलीन."

त्या रात्री श्रावण जेवला, पण काय जेवला हे त्याला कळलं नाही. तरी शनिवारी सकाळी तो पुन्हा भंडाऱ्याला गेला तो माफी मागायला नाही, भय्याजी आणि योगेंद्रची मिलीभगत पकडायला. दुकानासमोरच्या टपरीवर तो चहा घेऊन बसला. एक शेतकरी ताडपत्री घ्यायला आला. वरची ताडपत्री त्याने हाताने बाजूला सारली, तळातली ओढून काढली, काखेत मारली आणि खुशीत चालता झाला. भय्याजीने आतून दुसरी घडी आणली, गुडघ्याने थप्पी उचलून धरली आणि ती घडी सगळ्यात खाली सरकवली.

श्रावण चहा टाकून दुकानात घुसला. "खाली खराब माल सारतं?"

भय्याजी जराही दचकला नाही. "मी खोटं बोल्लो काय, काका? वरचा चांगला, मीच सांगतलं. त्या योगेंद्रनंही सांगतलं. तो सगळ्याइले वरचाच घ्यायले लावते, म्हणून मले तो इथं नकोच वाटते. पण तुमच्यासारखे लोक वरचा घेतच नाही. मंग खाली बी काही ठेवा लागते ना?"

एकतीस वर्षं परखी बुडाशी घालून श्रावणला काय सापडत होतं? पोचट. तरी छापा त्याने बुडाचाच काढला होता. आणि वरचं खरं दाखवणाऱ्या माणसाला त्याने पोरीदेखत चोर म्हटलं होतं. त्याला लाज वाटली, अशी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

"वरचे दोन्ही दे," तो म्हणाला.

तुमसरहून पुढे आंबागडला पोचेस्तोवर दुपार झाली. योगेंद्रच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्याच्या आईने पाणी दिलं. योगेंद्र 'बसा' म्हणाला नाही. त्याने दोन्ही छापे हातात घेतले, वाकवले, कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला. मग अंगणातल्या फरशीवर भर उन्हात पसरून ठेवले.

"तासभर राहू द्या."

'माझ्यावर भरवसा नाही काय?' हे वाक्य श्रावणच्या ओठापर्यंत आलं होतं. ते त्याने गिळलं आणि भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला.

तासाभराने योगेंद्रने वाकून पाहिलं. कडा जमिनीला चिकटून होत्या.

"हे वरचेच आहेत?"

"वरचे."

"कोणं सांगतलं होतं वरचे घ्या म्हणून?"

श्रावणने मोहफुलांकडे पाहिलं. "तू."

"हे टीनाताईले सांगा." योगेंद्रने फोन लावून त्याच्या हातात दिला.

"टीना, छापा माह्यानं चुकला," श्रावण कसाबसा म्हणाला. "रंगात काही नव्हतं. योगेंद्र खरं बोलत होता."

पलीकडून टीनाचा आवाज आला, जपून, चाचपत. "बाबा, खरं सांगा. यात तुमचा काय डाव आहे?"

हा आवाज श्रावणच्या ओळखीचा होता. मिलच्या दारात तो स्वतः याच आवाजात बोलायचा. योगेंद्रने फोन काढून घेतला.

"ताई, छापे चांगले आहेत. मीच पाह्यले. उद्या सहाले येतो, ऊन चढाच्या आत रांग मारून घेऊ. सोमवारी दाखवता येईन."

फोन ठेवून तो श्रावणकडे वळला. आवाजात राग नव्हता.

"तुमी तेवढं येऊ नका, काकाजी."

श्रावणने मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि तुमसरची बस पकडायला निघाला.