निवड समितीचा रविवार

डिसेंबरातल्या त्या रविवारी शोभनाने देवापुढे दिवा लावताना एक मागणं मागितलं आणि ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. अमेरिकेतल्या आपल्या मुलाच्या कॉलेजचा संघ बाद व्हावा, असं ते मागणं होतं.

मुलगा अमोघ. आयर्लंडमधल्या मलिंगारमध्ये वाढला, इथल्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळला, आणि त्याच्या उजव्या पायाची ताकद पाहून अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊन नेलं. तिथलं फुटबॉल निराळंच, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं. पण अमोघचं काम एवढंच की दोन उंच खांबांच्या मधून चेंडू मारायचा. त्यापायी गेले दोन नाताळ तो घरी आला नव्हता. यंदाचं तिकीट काढलेलं होतं. संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या फेऱ्यांत, गेला नाही, तरच ते उपयोगी पडणार होतं.

तिच्या नवऱ्याने, राजाभाऊंनी, लॅपटॉप टीव्हीला जोडला. संध्याकाळी पाच वाजता नावं जाहीर होणार होती. फिंटन बिस्किटांचा पुडा घेऊन आला. अमोघला लहानपणी क्लबात त्यानेच शिकवलं होतं.

"मला अजून कळलेलं नाही," फिंटन म्हणाला. "एवढ्या मॅचेस खेळायच्या, आणि मग एक समिती खोलीत बसून बारा संघ निवडणार?"

"निवडलेले बारा पुन्हा आपसांत खेळतात. त्यातून देशाचा विजेता ठरतो," राजाभाऊ म्हणाले.

"आमच्याकडे जिंकलास तर पुढे, हरलास तर घरी. तुझा खेळ कोणाला आवडला, हे कोणी विचारत नाही."

"तिकडे शंभराच्या वर संघ आहेत, फिंटन. सगळे सगळ्यांशी कसे खेळणार? मी तर म्हणतो, चोवीस घ्या."

शोभना मटार सोलत होती. "आधी कसं ठरवायचे हो?" तिने विचारलं.

"आधी पत्रकार मतं द्यायचे. काही वर्षी तर एका यादीत एक विजेता, दुसरीत दुसरा."

"मग काय वाईट होतं? दोन गावं खूश, आणि पोरं आपापल्या घरी."

राजाभाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने वरणात साखर घातली होती.

पाच वाजले. एकेक नाव येत गेलं. अमोघचा संघ अख्ख्या मोसमात एकच सामना हरला होता, पण बारावं नाव आलं ते भलत्याच संघाचं. राजाभाऊंनी यादी पुन्हा वरपासून वाचली. फिंटनने एक शिवी दिली आणि लगेच शोभनाची माफी मागितली.

शोभना चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढताना तिला हसू आवरेना. आता खोलीत नवी चादर घालायची, त्याच्या आवडीचं काय काय करायचं, सगळं डोक्यात सुरू झालं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

व्हिडिओवर अमोघ होता. त्याच्या मागे मोठ्या हॉलमध्ये डोंगराएवढी मुलं खाली मान घालून बसली होती. एक जण टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होता.

"इट्स ग्रँड, आई," अमोघ म्हणाला. काहीच ठीक नसताना इथली माणसं जसं ग्रँड म्हणतात, तसं.

मग तो इंग्रजीतूनच सांगू लागला, की तो एक हरलेला सामना माझ्यामुळे गेला. शेवटच्या क्षणी माझा चेंडू खांबावर आपटला. आत गेला असता, तर आज आम्ही बारांत असतो.

शोभनाचं हसू कुठल्या कुठे गेलं. "एका चेंडूवरून?" ती म्हणाली. "बाकीचे सगळे सामने कोणी पाहिलेच नाहीत का? बोलवायचं ना खेळायला. हरला असता तर हरला असता. घरी बसवणारे हे कोण?"

"मघाशी तू मतदानाच्या बाजूची होतीस," मागून राजाभाऊ हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

अमोघला आणखी काही सांगायचं होतं. महिनाअखेरीला एका दुसऱ्या सामन्याचं आमंत्रण आलं होतं. विजेतेपदाशी त्याचा काही संबंध नव्हता. जायचं की नाही, यावर मुलं थोड्या वेळात हात वर करून ठरवणार होती. बरेच जण नको म्हणत होते.

"मी काय सांगू, आई?" हे मात्र त्याने मराठीत विचारलं.

घरी ये, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

त्याने मागच्या मुलांकडे एकदा वळून पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला, "पुढच्या मोसमापर्यंत तो खांबाचा आवाज डोक्यात घेऊन नाही राहायचं मला."

"मग खेळ. बाबा तिकीट बदलतील."

थोड्या मतांच्या फरकाने का होईना, मुलांनी खेळायचं ठरवलं. नाताळचं जेवण फिंटनबरोबर झालं. सामन्याच्या दिवशी, एरवी अमोघची पाळी आली की जिन्यात जाऊन उभी राहणारी शोभना सोफ्यावरून हलली नाही. त्याचे तीन चेंडू खांबांमधून गेले, एक चुकला, आणि संघ जिंकला. चुकलेला पाहूनही आपण जिवंत आहोत, याचं तिला नवल वाटलं.

जानेवारीत तो आला. दोन दिवस झोपला आणि मग बूट घेऊन क्लबाच्या मैदानावर निघाला. शोभनाही गेली. गोलच्या मागे उभी राहून ती चेंडू परत फेकू लागली.

"बाबा म्हणतात तुझी एक थिअरी आहे," तो ओरडून म्हणाला. "विजेता कसा ठरवायचा?"

"खेळूनच ठरवायचा. हवे तेवढे संघ घ्या. फक्त नाताळच्या आधी संपवा."

"मग रोज खेळावं लागेल. हाडं मोडतील."

"मग संघ कमी घ्या."

"मग आम्ही बाहेर."

शोभना बोटांवर आठवडे मोजू लागली. तेवढ्यात पुढचा चेंडू तिच्या डोक्यावरून कुंपणापलीकडच्या शेतात जाऊन पडला, आणि साडी नेसून आले नाही ते बरं झालं, असं म्हणत ती चिखल तुडवत तो आणायला निघाली.