गाळातली चाकोरी

रंगनाथ पलटणीत मेकॅनिक होता. पेन्शनीवर घरी आला, तेव्हा राहुरीजवळच्या धरणावर पाणी मोजणाऱ्यांच्या कॅम्पला असाच माणूस हवा होता. त्यांच्याकडे सैन्याच्या लिलावातली एक जुनी गाडी होती. चाकांऐवजी रुंद रबरी पट्टे, खाली होडीसारखं बंद पोट आणि मागं पाणी कापणारा पंखा. जमीन, गाळ, पाणी, तिला सगळं सारखंच. लोक तिला कासव म्हणत. तिचे सुटे भाग कुठंच मिळत नसत. रंगनाथ कातड्याचे वायसर कापी, लोहाराकडून बोल्ट घडवून घेई, पंख्याच्या दांड्याभोवती ग्रीस पाजलेली दोरी ठासून भरी. बुडाच्या पत्र्यातून थेंबभर पाणी आत आलं तरी त्याला चैन पडत नसे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळानं धरणाचं पाणी पार आत गेलं. कॅम्प आणि समोरची वस्ती यांच्यामध्ये मैलभर काळा गाळ उघडा पडला. वर वाळलेला पापुद्रा, खाली कंबरभर राड. वळसा घालून जायचं तर पाच कोस. कासव मात्र सरळ जाई. दर शनिवारी रंगनाथ त्यातून पलीकडे पाण्याची खूण वाचायला जाई आणि वस्तीवर बहिणीकडे जेवून येई. आईबाप गेल्यावर छबूबाईनंच त्याला वाढवलं होतं. पन्नाशी ओलांडलेला भाऊ जेवताना ती अजून समोर बसून राही.

त्या शनिवारी सकाळी त्यानं पट्टे तपासले, तर त्यांवरच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचे सात बोल्ट तुटलेले. तसाच गेला असता तर कदाचित पोचलाही असता. पण नादुरुस्त गाडी त्यानं कधी बाहेर काढली नव्हती. लोहाराकडून बोल्ट यायला अकरा वाजले. मग तो गाडीखाली शिरला आणि ठोकाठोक सुरू झाली.

भर दुपारी कॅम्पवर मोजणीची साखळी धरणारे काकासाहेब म्हणाले की गाळात काहीतरी काळं दिसतंय. रंगनाथनं बाहेर डोकावून पाहिलं. झळांमध्ये एक ठिपका थरथरत होता.

"म्हैस बसली आसंल," तो म्हणाला आणि परत आत सरकला.

चार वाजता काम संपलं. अर्ध्या वाटेवर त्याला हिरवं लुगडं दिसलं. छबूबाई कंबरेपर्यंत रुतली होती. कासवाच्याच चाकोरीत ती पुढं झुकून पडली होती, हात पसरलेले. भाकरीचं गाठोडं तिनं कोरड्या पापुद्र्यावर जपून ठेवलं होतं. अंग गरम होतं. उन्हानं की आतल्या उबेनं, ते त्याला कळेना. फावडं, हात, जे सापडलं त्यानं तो उकरत राहिला. कितीतरी वेळानं तिला गाडीवर घेतलं. वस्तीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. एकही बोल्ट हलला नाही.

गहिनीनाथ, छबूबाईचा नवरा, बांधावर उभा होता. अंत्यविधी उरकल्यावर त्यानं सांगितलं की मागच्या शनिवारी रंगनाथ तापामुळं आला नव्हता, त्या दिवशीही वेळेवर आला नाही, तसा तिचा जीव राहिना आणि ती भाकरी बांधून निघाली.

"म्या नगं म्हनलं. तर म्हनली, यवढी लोखंडाची गाडी जाती, तिथं माज्यासारखी वाळल्याली बाई काय रुतती?"

रंगनाथनं हळूहळू सांगितलं की गाडीचं वजन दोन्ही पट्ट्यांवर पसरतं, म्हणून ती वर राहते. माणसाचं सगळं वजन तळव्यांवर येतं, म्हणून तो खाली जातो.

"तुला ठाव हुतं हे?"

"व्हय, दाजी."

"मंग तिला सांगायचंस की रं."

गहिनीनाथ रागानं नाही, थकून म्हणाला. पुढं त्यानं विचारलं, दिवसभरात तिकडनं कुणाला काही दिसलं नाही का. रंगनाथ म्हणाला, न्हाई. मयतीला येऊन शेजारी बसलेल्या काकासाहेबांनी मान खाली घातली.

त्यानंतर रंगनाथ गाडीमागं बाभळीची दोन जड खोडं बांधी, म्हणजे मागं वाट उरत नसे. पेट्रोल जास्त लागतं म्हणून साहेबांनी दोनदा झापलं. तो ऐकून घेई आणि दोर पुन्हा आवळी.

मृगाच्या तोंडावर गहिनीनाथ सोनईला लेकीकडे राहायला निघाला. रंगनाथ कासव घेऊन वस्तीवर गेला. बोचकं उचलून गाडीत ठेवलं आणि म्हणाला, "दाजी, बसा. रस्त्याला सोडतो."

गहिनीनाथनं बोचकं परत खाली घेतलं, काखेत मारलं आणि पाच कोसांच्या वाटेनं चालू लागला. रंगनाथनं इंजिन बंद केलं. म्हातारा नजरेआड होईपर्यंत तो तिथंच बसून राहिला.